नवोदित कथाकाराची उमेद
(ज्ञातिमंडळाच्या उपनगर शाखेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस कथालेखनाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या आपल्या कुटुंबांतून लिहिण्याची हौस असलेली मुले-मुली पुष्कळ आहेत; परंतु दोन-तीन कथा झाल्या की लेखणी थांबते, अशी त्यांची तक्रार होती. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले. घरात जागा नाही, गाडीच्या गर्दीत जीव नकोसा होतो, आणि कथा लिहावी असे आमच्या आयुष्यात घडते तरी काय?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या उपनगरातच लिहून ठेवलेले आहे. घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीत एका झोपडीत अण्णाभाऊ साठे वर्षानुवर्षे राहिले. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वारणेच्या खोऱ्यातील वाटेगावी, मातंग समाजात झाला. शाळेत ते अवघे दीड दिवस गेले, असे सांगतात. गाव सोडून हे कुटुंब पायी मुंबईकडे निघाले. वाटेत मिळेल ते काम करावे आणि पुढे चालावे, असा तो प्रवास. मुंबईत अण्णाभाऊंनी हमाली केली, गिरणीत काम केले, आणि दुकानांच्या पाट्या व सिनेमाच्या जाहिराती वाचीत अक्षरे पक्की केली. पुढे १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा’ कलापथक उभे राहिले. हे पोवाडे-लावण्या रचणारे गृहस्थ कथा-कादंबरीकडे वळले, आणि ३० हून अधिक कादंबऱ्या त्यांच्या हातून उतरल्या. १९५९ च्या ‘फकिरा’ला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली, आणि १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला.

ज्ञातीच्या व्यासपीठावरून दुसऱ्या समाजातील लेखकाचे नाव कशासाठी, असे कोणाच्या मनात आले असल्यास त्यांस आमचे नम्र सांगणे असे की, आपल्यात पदवीधर पुष्कळ आहेत, पुस्तकांची कपाटेही आहेत. तेव्हा ज्याच्यापाशी यांतले काहीच नव्हते त्याने काय केले, हे पाहण्यास आपणांस कमीपणा वाटू नये.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. ‘चिरागनगरची भुतं’ हे नाव आपण ऐकले असेल. लेखकाने विषय शोधण्यासाठी महाबळेश्वर गाठले नाही. आपल्या वस्तीचे नावच पुस्तकावर घातले. त्याहून बोलके उदाहरण ‘स्मशानातील सोनं’ या कथेचे आहे. वारणेकाठचा भीमा हा आडदांड गडी पोटासाठी मुंबईच्या उपनगरात येतो व खाणीत पत्थर फोडतो. खाण बंद पडते. हाताला काम उरत नाही, तेव्हा चितेच्या राखेत त्यास सोने सापडते. मग तो तोच धंदा पत्करतो. अखेरीस प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते! या कथेत अद्भुत असे काही नाही. खाण, स्मशान, बंद पडलेले काम, या गोष्टी तेव्हाच्या उपनगरात कोणासही दिसत होत्या. परंतु काम गेल्यावर त्या माणसाचे हात काय करतील, हा प्रश्न एकाने चिकाटीने शेवटपर्यंत विचारला. आमच्या अल्पमतीस प्रेरणा म्हणतात ती एवढीच दिसते. आज आपल्या इमारतींच्या पुनर्विकासात भाड्याच्या घरी गेलेले आणि परत न आलेले भाडेकरू आहेत. वसई-विरारहून पहाटे निघणाऱ्या भगिनी आहेत. त्यांच्याविषयी असा एकच प्रश्न धरून बसावे.

चिकाटीची गोष्ट निराळी. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडले. परंतु तेथून ‘साभार परत’ आलेल्या लिखाणाच्या आठवणी जुन्या पिढीत अद्याप निघतात. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन हे संपादक कथा परत करताना त्यात काय उणे आहे ते कळवीत, आणि लेखक ती पुन्हा लिहीत. आता बहुधा उत्तरच येत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, तीन-चार जणांनी महिन्यातून एकदा जमावे व एकमेकांच्या कथा मोठ्याने वाचाव्यात. वाचताना जेथे ऐकणारा चहाच्या कपाकडे पाहू लागतो, तेथे कथा पातळ झाली आहे. जागेची अडचण खरीच. पण पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघात व मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात ग्रंथालये आहेत, आणि मोबाईलवर गाडीत उभ्याने चार ओळी लिहिणारी मुले आम्ही पाहिली आहेत. (हे आम्हांस साधत नाही, चष्मा आणि धक्का यांचे जमत नाही.)

परंतु लेखणी थांबण्याचे खरे कारण चिटणीसांच्या यादीत नव्हते. ते कारण म्हणजे आपण, येथे बसलेली वडीलधारी मंडळी. मुलीने कथेत आत्याच्या घरातील भांडण लिहिले, तर “लोक काय म्हणतील, स्थळे येतील का?” म्हणून ती वही कपाटात जाते. आपली ज्ञाती लहान. प्रत्येक मामा कोणाचा तरी ओळखीचा. त्यामुळे आपल्या स्मरणिकेत येणाऱ्या कथांतून सर्व सासवा प्रेमळ असतात आणि वाटण्या हसतमुखाने होतात. अशा कथा वाचून आम्हांस संशय येतो की ही घरे उपनगरात नसून स्वर्गात आहेत. अण्णाभाऊंनी आपल्या माणसांचे शौर्य लिहिले, तशी त्यांची उपासमार आणि त्यांचे गुन्हेही लिहिले. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावी ते वारले, तेव्हा वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती आणि गरिबी सुटली नव्हती. पण लिहिले त्यात खोटे नव्हते.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस आमची विनंती आहे. पुढील स्मरणिकेत अभिनंदनाच्या छायाचित्रांतील दोन पाने कमी करून ती नव्या कथेस द्यावीत. न घेतलेली प्रत्येक कथा, का घेतली नाही हे लिहून, लेखकास परत पाठवावी. ते काम आम्ही आनंदाने करू. आणि छापलेल्या कथेत कोणास आपले काका किंवा आपली वहिनी ओळखू आल्यास, त्यांनी लेखकाच्या घरी जाऊ नये. तक्रार आमच्याकडे आणावी. रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो.