रातराणी

खानदेशांतल्या घरांच्या भिंती वैशाखांत मध्यरात्रीपर्यंत निवत नाहींत. साक्री तालुक्यांत, पांझरेच्या कांठीं असलेल्या पिंपळनेरांत विजेचे पंखे घरोघर येण्यापूर्वीं अशा रात्रीं अंगणांत बाजा पडत, आणि मुलें आजीच्या अवतीभवती निजत. अशाच एका अंगणांत न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलें रातराणीचें झुडूप होतें. दिवसां त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. हिरवट पांढरीं, बारीक नळीसारखीं फुलें मिटलेलीं असत. दिवे मालवले कीं मात्र सारें अंगण सुवासानें भरून जाई. नातू उठून तिकडे निघाला कीं आजी अहिराणींत दटावी, “भाऊ, तठे जाऊ नको, तठे साप शे.”

पुढें तो नातू शिकून नाशिकला नोकरीस लागला. चाळिशी उलटल्यावर एका रात्रीं अनोळखी रस्त्यानें जातांना कुणाच्या तरी कुंपणाआडून तोच वास आला, आणि आजीचा आवाज, बाजेच्या सुंभाचा पाठीला होणारा काच, उशाशीं ठेवलेला पाण्याचा तांब्या, हें सारें एकदम पुढें उभें राहिलें. यांत नवल कांहीं नाहीं, श्रोतेहो. पाहिलेलें व ऐकलेलें मेंदूंत जरा वळसा घेऊन पोंचतें. वासाची वाट जवळची, ती आठवणींच्या व भावनांच्या स्थानांना थेट जाऊन मिळते. वासानें जाग्या होणाऱ्या आठवणी बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असेंही संशोधकांना आढळलें आहे.

इतकें घरचें वाटणारें हें झाड मूळचें मात्र अमेरिका खंडांतलें, वेस्ट इंडीजकडचें. लिनियसनें १७५३ सालीं त्याला शास्त्रीय नांव दिलें. कूळ पाहूं गेल्यास तें वांग्याचें व मिरचीचें. म्हणजे खानदेशी भरिताच्या वांग्याची ही दूरची बहीणच म्हणायची! तिचें घड्याळ तिच्या अंगांतच असतें. बाहेरच्या उजेड-अंधाराचा फेरा काढून घेतला तरी फुलें ठराविक वेळींच उमलतात व दरवळतात, हें १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें.

एका सुटींत तो गृहस्थ मुलीला घेऊन पिंपळनेरला आला. झुडूप आतां भिंतीइतकें वाढलें होतें. लेकरूं घरांत आहे, मुळासकट काढून टाका, असें शेजाऱ्यांनीं सांगितलें, आणि त्यानें कुऱ्हाड हातीं घेतलीही.

सापाला फुलांच्या सुवासाची ओढ असते, या समजुतीला आधार नाहीं. तो जिभेनें हवेंतले कण टिपून टाळूंतल्या इंद्रियापाशीं नेतो आणि भक्ष्याचा माग काढतो. पण रातराणीवर पतंग येतात, पतंगांसाठीं बेडूक व पाली येतात, त्यांच्या मागावर साप येऊं शकतो. दाट पाला आणि न्हाणीची ओल त्याला आडोसा देते. मण्यार तर रात्रींच हिंडते, आणि जमिनीवर निजलेल्यांना तिचा दंश होतो. आजीनें मुलांना बाजेवर निजवलें, झुडपापासून दूर ठेवलें, यांत तिचें कांहींएक चुकलें नव्हतें. चुकीचें होतें तें फक्त कारण.

कुऱ्हाड परत ठेवली गेली. जमिनीलगतच्या फांद्या विळ्यानें छाटल्या, भिंतीपाशीं पडलेल्या विटा उचलल्या, न्हाणीचें पाणी नळीनें दुसरीकडे काढलें. वासानें कुणाचें डोकें दुखतें, म्हणून झोंपायच्या खोलीची त्या बाजूची खिडकी रात्रीपुरती लावून घ्यायची ठरली. पांढरीं फळें विषारी, तीं तोंडांत घालायचीं नाहींत, आणि विजेरीवांचून तिकडे जायचें नाहीं, असें मुलीला बजावलें.

नऊच्या सुमारास वास सुटला. मुलगी पायरीवर येऊन बसली आणि पणजीची बाज कुठें असायची, असें विचारूं लागली. त्यानें उठून ती जागा दाखवली.