पदवीचे मोल आणि कोयत्याची मजुरी

(चिंचपाडा, ता. नवापूर, जि. नंदुरबार येथे तरुणांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)

चिंचपाड्याच्या स्थानकावरून जाणारा लोहमार्ग नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली ओलांडून सुरतेस पोहोचतो. दिवाळीच्या सुमारास खानदेशातील मजूर कुटुंबे दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडांकडे निघतात. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या या तोडकऱ्यांचे जिणे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात जगापुढे मांडले. त्या पिढीच्या नातवंडांत आज दहावी-बारावी झालेली मुले आहेत, पदवीधरही आहेत. नातवाच्या हाती प्रमाणपत्र आले. परंतु आजोबांच्या हातातला कोयता मात्र सुटलेला नाही.

फडात मजुरी माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तोडलेल्या उसाचे जितके टन, तितके पैसे; आणि त्यांतूनही मुकादमाची उचल आधी वळती होते. तोडणारा चौथी नापास आहे की कला शाखेचा पदवीधर, हे वजनकाटा विचारीत नाही. पंधरा वर्षांच्या शिक्षणाचे मोल तेथे शून्य आहे.

शिक्षण एका पायरीचे आणि काम दुसऱ्या पायरीचे, या विसंगतीचा मजुरीवर काय परिणाम होतो, याचा विचार अर्थशास्त्रात झालेला आहे. अमेरिकेत डंकन आणि हॉफमन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की कामाला जेवढे शिक्षण लागते तेवढ्याचे मोल वेतनात उतरते. त्याहून जादा वर्षांचे मोल मिळते, पण पुष्कळ कमी. तात्पर्य, वेतन नुसत्या पदवीने ठरत नाही. हाती पडलेले काम ते ठरविते. श्रीमंत देशात जादा शिक्षणाला निदान काही मोल मिळाले. जेथे बहुसंख्य कामे असंघटित आहेत आणि दाम टनावर वा नगावर मोजला जातो, तेथे तेवढेही मिळत नाही.

नुकसान एकट्या पदवीधराचेच होते असेही नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रात पोलीस दलातील सुमारे १७ हजार पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. पात्रता बारावीची, अर्जदारांत मात्र पदवीधर होते, अभियंतेही होते. पदवीधर बारावीच्या जागेवर उतरला की बारावी झालेला दहावीच्या जागेवर ढकलला जातो, आणि दहावी झालेल्याला फडाखेरीज वाट उरत नाही. वरून सुरू झालेली ही ढकलाढकल तळाशी येऊन थांबते. आणि तळाशी आदिवासी, भूमिहीन व स्त्रिया उभ्या असतात. रांग लांबली की कमी पैशांत राबणारा माणूस सहज सापडतो. मालकाला आणखी काय हवे?

परंतु एकट्या मालकाला दोष देऊन भागणार नाही. या स्वस्ताईचा लाभ शासनानेही घेतला आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पदविका घेतलेल्या प्राथमिक शिक्षकाने तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधनावर राबायचे, अशी तिची रीत. हे मानधन २०२२ अखेरपर्यंत महिना ६,००० रुपये होते. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला सुमारे २३१ रुपये पडतात. त्याच २०२२-२३ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. म्हणजे माती वाहण्यापेक्षा मूल शिकविणे स्वस्त ठरले! माती वाहणाऱ्याला फार मिळत होते, असा याचा अर्थ नव्हे. दोघेही लुबाडले जात होते. जानेवारी २०२३ पासून मानधन १६,००० रुपये झाले, हे खरे. पण मानधनाची रीत मोडली नाही.

या साऱ्यावरून काही शहाणे असा निष्कर्ष काढतात, की खेड्यांत शिक्षण अंमळ जास्तच झाले; आदिवासी मुलांना एखादे कसब शिकवा म्हणजे पुरे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. राज्याची ८२ टक्के होती. ज्या जिल्ह्यात दर तिघांतील एकाला वाचता येत नव्हते, तेथे शिक्षण जास्त झाले असे म्हणणे ही क्रूर थट्टा होय. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे खेड्यांतील मुलांसाठी शेतीच्या उपयुक्त ज्ञानाची मागणी केली, ती शिक्षणाचा विस्तार मागताना. त्याला कात्री लावण्यासाठी नव्हे. कसबाचे शिक्षण अवश्य हवे. परंतु कंत्राटदाराच्या दारी उभ्या असलेल्या जोडाऱ्याची मजुरी केवळ कसबाने वाढत नाही, हा अनुभव जुनाच आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, तळाची मजुरी वर उचलली पाहिजे. फडात किमान वेतन मिळाले, उचलीचा फास सुटला, तर वरच्या प्रत्येक पायरीचा दाम सावरेल. दुसरी गोष्ट, नेहमीच्या कामाला नेहमीचे वेतन मिळाले पाहिजे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात आहे; नियमित कर्मचाऱ्याचेच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्याला किमान मूळ वेतनश्रेणी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे. तिसरी गोष्ट, शिकलेल्यांसाठी येथेच काम उभे राहिले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने कामाच्या हमीचा मार्ग देशाला दाखविला; पण ती हमी अंगमेहनतीपुरती राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनांचे हक्क दिले. त्या वनांची मोजणी, हिशेब, रोपवाटिका, पाणलोटाचे आराखडे, गावाचे आरोग्य ही शिकलेल्यांची कामे आहेत आणि ती चिंचपाड्याच्या आसपासच करावयाची आहेत.

तेव्हा मित्रहो, पदवी घेऊन फडात उभ्या राहिलेल्या तरुणाने स्वतःला अपयशी समजू नये. त्याच्या शिक्षणात जास्त असे काही नाही. कमी पडली आहे ती मजुरी आणि कमी पडली आहेत ती कामे. ते शिक्षण त्याने शेजारच्या निरक्षर कोयत्याचा हिशेब तपासण्यासाठी वापरले, मुकादमाच्या वहीतील आकडा मोठ्याने वाचून दाखविला, तर संघटनेचा पहिला दिवस तोच ठरेल. पदवीधर आणि निरक्षर यांची मजुरी फडात एकच आहे. म्हणून त्यांचा लढाही एकच आहे.