बुटातली गादी आणि पोटरीची मेहनत



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही लेथवर उभे राहून शिकलेले. डॉक्टरीचा अधिकार आम्हांला नाही. पण आमची दोन्ही पावले सपाट आहेत, आणि युनियनच्या कामात अशी पुष्कळ पावले दुखताना पाहिली. एवढ्याच भांडवलावर बोलतो.

न्हाणीतून ओल्या पायांनी फरशीवर यावे आणि ठसा पाहावा. आतली बाजू कोरडी राहिली तर तळव्याला कमान आहे; सगळा तळवा उमटला तर पाऊल सपाट. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसू लागली, तर ते पाऊल लवचिक समजावे. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हॅरिस आणि बीथ यांनी कॅनडाच्या हजारो सैनिकांची पावले तपासली, तेव्हा असे लवचिक सपाट पाऊल सहसा अधूपणाचे कारण होत नाही, असे त्यांना आढळले. तेव्हा दुखत नसेल त्याने उगाच खर्चात पडू नये.

मग दुखते ते काय? नडगीच्या मागे, पोटरीत खोलवर एक स्नायू आहे. त्याची दोरीसारखी कंडरा आतल्या घोट्यामागून वळून तळव्यात शिरते आणि कमान उचलून धरते. सपाट पावलात या स्नायूला जादा राबावे लागते. आमच्या भाषेत, त्याला रोजचा ओव्हरटाइम आणि भत्ता मात्र नाही!

बुटात इनसोल घातला म्हणजे काय होते? २०१० साली ऑस्ट्रेलियातील ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी सपाट पावलांच्या ३० माणसांना चालायला लावले आणि स्नायूत बारीक तारा घालून त्यातली विजेची हालचाल मोजली. टाच टेकतेवेळी या स्नायूचा जोर तयार इनसोलने सुमारे १९ टक्के आणि मापाने बनविलेल्या इनसोलने सुमारे १२ टक्के कमी भरला. म्हणजे महाग तेच गुणकारी, असे नाही.

परंतु ओझे हलके केल्याने हमालाची पाठ बळकट होत नाही. स्नायूला बळ यायचे तर टाचा उचलण्यासारखा व्यायाम हवा, आणि विश्रांती हवी.

येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. एका कारखान्यात पॅकिंगवरच्या बायकांसाठी आम्ही स्टुले मागितली. मालकाने स्टुले नाकारली आणि इनसोल देऊ केले. आम्ही तो विजय मानला, पेढे वाटले. काही महिन्यांनी एक बाई सुजलेला घोटा दाखवीत म्हणाली, "भाऊ, गादी चांगली आहे हो, पण पाय बसायला मागतात." आम्ही मान खाली घातली.

उभ्याने काम करणाऱ्याला मिळेल त्या फुरसतीत बसता यावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमातच केली होती. दुकानांतील नोकरांसाठी केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला.

आपण उद्या कापडाच्या दुकानात जाल. लुगडी उलगडून दाखविणारी मुलगी सकाळपासून उभी असेल. तिला बसायला काही आहे का, एवढे मालकाला विचारा. गिऱ्हाईक विचारते तेव्हा मालकाला ऐकू येते, हा आमचा अनुभव आहे.