स्वागताध्यक्षीय भाषण : क्षयरोगाचे नवे उपचार आणि वैद्यकाचे अखंड अध्ययन

सन्माननीय अध्यक्षमहाराज, मान्यवर वक्ते आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या डॉक्टर बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मिरजेत अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. डॉ. विल्यम वानलेस यांनी ज्या नगरीत रुग्णसेवेचा पाया घातला, आणि जिच्या शेजारच्या वानलेसवाडीत एके काळी क्षयरोगी मोकळ्या हवेच्या आशेने महिनोन्महिने मुक्काम करीत, तेथे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा विचार व्हावा, हे सर्वथा उचित आहे.

घरी राहून औषधे घेणारा रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णासारखाच बरा होतो, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिले आणि जगाची उपचारपद्धती पालटली. आज तसाच दुसरा पालट आपल्या दाराशी आला आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या ज्या रुग्णांना कालपर्यंत अठरा-वीस महिने औषधे घ्यावी लागत, आणि ज्यांतील कित्येकांची श्रवणशक्ती इंजेक्शनांपायी गेली, त्यांच्यासाठी बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचारक्रम जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचविला व भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला.

परंतु मुदत घटली म्हणून जबाबदारी घटत नाही. लिनेझोलिड घेणाऱ्याच्या तळपायांना मुंग्या येतात काय हे दर भेटीत विचारणे, तक्त्यावरची बारीक अक्षरे व रंग त्याला ओळखता येतात काय हे पाहणे, हिमोग्लोबिन वेळोवेळी तपासणे, आणि बेडाक्विलीनमुळे लांबू शकणारे क्यूटी अंतर ईसीजीच्या पट्टीवर मोजणे, ही सारी कामे ज्याने करावयाची, त्या डॉक्टरच्या विद्यार्थिदशेत यांतील काही औषधांचे नावही कदाचित पाठ्यपुस्तकात नव्हते. सनद एकदा मिळते. विद्या मात्र नित्य मिळवावी लागते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. त्यांची दप्तरी नोंद अवश्य व्हावी, पण येथील अध्ययनाचे खरे मोजमाप रुग्णाच्या वाचलेल्या दृष्टीत आणि पुऱ्या झालेल्या औषधक्रमात आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की, आपल्या अनुभवातील अवघड रुग्णांची हकीकत येथे निःसंकोच मांडावी, शंका विचाराव्या, आणि परतल्यावर आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना व परिचारिकांना हे ज्ञान स्वतः शिकवावे. आमच्या व्यवस्थेत काही उणीव राहिल्यास ती उदारपणे सांभाळून घ्यावी, अशी प्रार्थना करून मी अध्यक्षमहाराजांना परिषदेची सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.