तार जोडली, पुढे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कुंडल आणि आसपासच्या गावांतला माणूस संगणकाला भेटतो तो बहुधा पडद्यावर नाही, कागदावर. उसाच्या वजनाची पावती, बिल, पतसंस्थेचा खातेउतारा, पगाराची स्लिप. आत यंत्राने काय हिशेब केला हे त्याला दिसत नाही. हातात पडलेला कागद हाच त्याचा संगणक. आणि या कागदाला मुदत असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. तेव्हा बिलं छापणारा प्रिंटर बंद पडला, तर ती नुसती कचेरीतली अडचण राहत नाही.

छापील कागद या परिसराला नवा नाही. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० साली तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. आज कुंडलला क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. कोणत्या कचेरीत कोणतं यंत्र आहे, हा माझा विषय नाही. मधल्या आकाराच्या संगणकाला साधा लेसर प्रिंटर जोडताना काय काय सांभाळावं लागतं, एवढंच आज सांगायचं आहे.

मधल्या आकाराचा म्हणजे टेबलावरच्या पीसीपेक्षा मोठा आणि मेनफ्रेमपेक्षा लहान. यातला नावाजलेला आयबीएमचा एएस/४००. तो जून १९८८ मध्ये जाहीर झाला. पुढे २००० साली तो आयसीरीज झाला, २००६ साली सिस्टिम आय. आज त्याची प्रणाली आयबीएम आय या नावाने चालू आहे आणि कित्येक जुने हिशेबाचे प्रोग्रॅम तिच्यावर अजून बिनतक्रार चालतात. म्हणूनच कचेऱ्या हे यंत्र सहसा सोडत नाहीत.

या संगणकाचे प्रिंटर पूर्वी त्याच्याच घरातले असत. ट्विनॅक्स नावाची जाड केबल, एका केबलवर सात उपकरणं, लांबी दीड किलोमीटरपर्यंत. दोघांची भाषा एक. लेसर प्रिंटर मात्र दुसऱ्या घराण्यातला. एचपीचा पहिला लेसरजेट १९८४ साली आला, तो छोट्या संगणकांसाठी. आता नेटवर्कची तार दोघांनाही लागते. पण तार लागली म्हणजे सोयरीक जमली असं नाही. तीन गोष्टी जुळवाव्या लागतात.

पहिली अक्षरांची. मोठ्या संगणकाच्या एबसिडिक पद्धतीत इंग्रजी ‘ए’ म्हणजे १९३. लेसर प्रिंटरच्या आस्की पद्धतीत तोच ‘ए’ म्हणजे ६५. एक हा आकडा तिकडे २४१, इकडे ४९. मधे दुभाष्या लागतो. तो या संगणकात आहेच, होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म या नावाचा. मात्र प्रिंटर कोणत्या जातीचा हे त्याला अचूक सांगावं लागतं. तसं केलं नाही तर कागदावर अगम्य खुणा उमटतात. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती शिपायालाही दिसते.

दुसरी गोष्ट पानाची. इथली चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. जुने अहवाल कडेला भोकं असलेल्या रुंद सलग कागदासाठी लिहिलेले. एका ओळीत १३२ अक्षरं, एका पानावर ६६ ओळी. इंचाला १० अक्षरं धरली तर १३.२ इंच रुंदी हवी. ए-४ कागद आडवा धरला तरी ११.७ इंचच. शिवाय कडेची थोडी पट्टी लेसर प्रिंटर कोरीच सोडतो. मग अक्षर बारीक करायचं: इंचाला १५ अक्षरं आणि ९ ओळी. रुंदी ८.८ इंच, उंची ७.३ इंच. बसलं. हे गणित न करता छापलं, तर उजवीकडचा शेवटचा रकाना कापला जातो. बिलात शेवटचा रकाना कोणता असतो? हाती पडणारी रक्कम. नाहीतर खालच्या ओळी जातात, आणि तिथे कपाती असतात. कागद दिसायला स्वच्छ, पण हिशेब अर्धा.

तिसरी गोष्ट पोच देण्याची. ‘छापून झालं’ हे कोण सांगणार? एलपीआर या सोप्या पद्धतीत संगणक सगळी फाइल प्रिंटरच्या स्वाधीन करतो आणि काम झालं असं समजून मोकळा होतो. समजा, २०० बिलं सोडली आणि सदतिसाव्या पानावर कागद अडकला. संगणकाच्या लेखी २०० बिलं छापून झाली. कारकून पुन्हा सगळी सोडतो. आता काही शेतकऱ्यांची दोन-दोन बिलं तयार, आणि अडकलेलं पान कचऱ्यात. आयपीडीएस पद्धतीचे महागडे प्रिंटर प्रत्येक पानाची खबर उलट पाठवतात, त्यामुळे संगणक राहिलेल्या पानापासून पुढे छापतो. साध्या लेसर प्रिंटरलाही नेटवर्कवरून त्याची स्थिती विचारता येईल अशी जोडणी करता येते. तीच करून घ्यावी. छापलेली फाइल लगेच पुसू नये. प्रत्येक बिलावर अनुक्रमांक असावा, आणि पुन्हा छापलेल्यावर ‘दुसरी प्रत’ असा शब्द यावा.

कधी कधी सगळं नीट असूनही प्रिंटर गप्प बसतो. तेव्हा ऑपरेटरच्या पडद्यावर एक प्रश्न उत्तराची वाट पाहत असतो: ‘अमुक नमुन्याचा कागद बसवला का?’ उत्तर मिळेपर्यंत मागची रांग थांबते. मेकॅनिकला फोन करण्याआधी ते निरोप वाचावेत.

लेसर प्रिंटरच्या स्वभावाचंही पाहावं. तो कागदावर ठोका मारत नाही, पावडर उष्णतेने चिकटवतो. त्यामुळे कार्बनच्या तीन प्रती त्याच्याकडून निघत नाहीत. वजनकाट्यावर जुना ठोक्याचा प्रिंटरच योग्य. पावडर वितळवताना लेसर प्रिंटर एकदम जास्त वीज ओढतो, म्हणून संगणकाच्या छोट्या यूपीएसवर त्याला लावू नये. पावसाळ्यात कागदाचं बंडल उघडं ठेवलं, तर ओलसर पानं हमखास अडकतात.

मग हा खटाटोप कशासाठी? माझ्या मते सर्वांत मोठं कारण मराठी. ठोक्याचा लाइन प्रिंटर एका घरात एक अक्षर बसवतो. आता ‘किर्लोस्करवाडी’ हा शब्द घ्या. पहिली वेलांटी उच्चारात ‘क’नंतर, कागदावर ‘क’च्या आधी. ‘र्लो’मधला र आधी बोलायचा, पण लिहायचा ‘लो’च्या डोक्यावर. हे काम एक घर, एक अक्षर या हिशेबाने होत नाही. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्राने भारतीय लिपी संगणकावर आणल्या. १९९१ साली इस्की हे भारतीय मानक ठरलं, आणि आता युनिकोड सर्वत्र आहे. लेसर प्रिंटर सबंध पान चित्रासारखं रेखाटू शकतो. मात्र तो साधा दुभाष्या इथे पुरत नाही. प्रोग्रॅमनेच मराठी पान तयार करून, पीडीएफ करून, प्रिंटरला चालेल अशा रूपात पाठवायचं. मेहनत आहे, पण कपात कसली झाली हे शेतकऱ्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत नाही.

शेजारच्या वारणा खोऱ्यात १९९८ साली सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. लोक तिथे मुख्यतः उसाचीच माहिती घ्यायला येत. २००६-०७ मध्ये तिथल्या काही गावांत तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देण्याचा प्रयोग झाला. आकडा कळायला मोबाइल पुरतो. पण वजनावरून वाद निघाला, की टेबलावर ठेवायला कागदच लागतो.

म्हणून कचेरीतल्या मंडळींना एवढीच विनंती. नवा प्रिंटर आला, की जुना लगेच भंगारात काढू नका. एक पंधरवडा दोन्हींवर बिलं छापा आणि शेजारी शेजारी ठेवून शेवटचा रकाना, शेवटची ओळ आणि बिलांची संख्या ताडून पाहा. मधेच मुद्दाम कागद संपू द्या आणि संगणक काय म्हणतो ते बघा. आणि एक बिल कचेरीबाहेरच्या, बिल घेणाऱ्या माणसाच्या हाती देऊन त्याला मोठ्याने वाचायला सांगा. तो कुठे अडखळला तर ती जागा दुरुस्त करा, आणि मगच सगळी बिलं सोडा.