कादंबरीतला देवदूत
(मंडळाच्या वाचनवर्गात दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ज्या अद्भुत कादंबऱ्यांत देवदूत येतात त्या कशा वाचाव्यात, आणि वाचून झाल्यावर त्यांवर अभिप्राय कसा लिहावा. विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिले. हसणे साहजिक आहे. घरात गॅस संपत आलेला, धाकट्याची परीक्षा तोंडावर, आणि आपण इथे पंखवाल्यांची चर्चा करत बसलो आहोत!

पण आपल्या वर्गाची अभिप्रायाची वही मी मुद्दाम चाळून आले आहे. अशा पुस्तकांवर तीत दोनच तऱ्हेचे शेरे आहेत. एक, ‘फार छान, एका बैठकीत वाचून काढली.’ दुसरा, ‘असे कुठे असते का? वेळ फुकट गेला.’ पहिल्या शेऱ्यावरून पुस्तकाविषयी काही कळत नाही, दुसऱ्यावरूनही नाही. आणि इकडे आपल्या आठवी-नववीतल्या मुली आणि नाती हीच पुस्तके उशीखाली लपवून वाचत आहेत. त्यांनी ‘आई, तू हे वाचलेस का?’ म्हणून विचारले, तर आपल्याजवळ या दोन शेऱ्यांपलीकडे काही बोलणे हवे की नको?

प्रथम शब्दाविषयी थोडे. देवदूत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नाताळच्या कार्डावरची पांढऱ्या पंखांची मूर्ती येते. परंतु शब्द परका नाही. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात एक देवदूत आहे. धर्मराजाला त्याचे भाऊ दाखवायला तो नेतो आणि वाट निघते ती नरकाची. दुर्गंधी, अंधार, आक्रोश. देवदूत म्हणतो, मला इथवरच यायची आज्ञा आहे, आपण परत फिरावे. त्या अंधारातून ओळखीचे आवाज ऐकू येतात तेव्हा युधिष्ठिर त्याला सांगतो की तू जा, मी इथेच राहतो. तुम्ही म्हणाल, ही कादंबरी कुठे? नाही, खरेच. पण एवढ्याशा प्रसंगात मला एक कसोटी सापडते, आणि आज मी तुमच्यापुढे ती एकच ठेवणार आहे. देवदूताने वाट दाखवली, निर्णय मात्र माणसाने केला. कोणत्याही पुस्तकात देवदूत आला की ‘असे असते का?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि विचारावे, या पाहुण्याने इथल्या माणसाचे काम हातातून काढून घेतले, की त्याच्या हातात दिले?

ही कसोटी लावायला लांब जायला नको. राहुरी तालुक्यातले ताहाराबाद आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तिथल्या महिपतीबुवांनी 1762 साली ‘भक्तविजय’ पुरा केला. बुवा मूळचे कुळकर्णी, हिशेबाच्या वह्या लिहिणारे. पुढे सरकारी लेखणी त्यांनी कायमची खाली ठेवली असे परंपरा सांगते. चमत्काराच्या गोष्टी सांगण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा सापडणे कठीण, पण हिशेबाची सवय काही सुटली नसावी! त्यांच्या दामाजीपंतांची गोष्ट घ्या. मंगळवेढ्यास दुष्काळ, सरकारी कोठारात धान्य. दामाजीपंत कोठार उघडतात आणि लोक जगतात. बेदरच्या बादशहाचा हुकूम सुटतो, पंतांना धरून आणा. तेवढ्यात विठू महार नावाचा कोणी दरबारात येऊन धान्याची सारी किंमत मोजून देतो, पावती घेतो आणि नाहीसा होतो. आता क्रम पाहा. कोठार आधी उघडले, विठू मागून आला. त्याने पैसे भरले, पण कोठाराचे कुलूप काढण्याची छाती दामाजीचीच. उलट क्रमाने गोष्ट लिहिली असती, म्हणजे विठूने आधी येऊन ‘घाबरू नको, मी भरतो’ असे सांगितले असते, तर दामाजी कारकून उरला असता.

जनाबाईची गोष्टही तिथलीच. देव तिच्याबरोबर जात्याला हात लावतो. खुंटा दोघांचा असतो, जनी उठून बाजूला बसत नाही. आणि गंमत पुढे आहे. देव आपले पदक तिच्याकडे विसरून जातो आणि चोरीचा आळ येतो तो जनीवर. मदतीला कोणीतरी थोर आला म्हणजे दासीचा जीव सुखात पडतो असे नाही, हे महिपतीबुवांना ठाऊक होते. आजच्या कादंबरीकारांपैकी कितीकांना ते ठाऊक असते, कोण जाणे.

दुसरी वाटही आपल्याच गावातून जाते. आपल्या नगरात (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही) अमेरिकन मिशनरी 1831 साली आले, आणि ‘ज्ञानोदय’ पत्र 1842 मध्ये इथूनच निघाले. त्याच सुमारास, 1841 साली, हरि केशवजी यांनी जॉन बनियनच्या प्रसिद्ध ग्रंथाचे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठी भाषांतर केले. मराठीत कादंबरी हा शब्दसुद्धा रुळलेला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. एक माणूस पाठीवर ओझे घेऊन घरून निघतो आणि दिव्य नगरीपर्यंत चालत जातो, एवढेच कथानक. वाटेत तेजस्वी वस्त्रांचे दूत त्याला भेटतात. पण शेवटी नदी येते. पूल नाही. तो दूतांना विचारतो, पाणी सगळीकडे सारखेच खोल आहे का? ते सांगतात, नाही, आणि यात आम्ही तुला मदत करू शकत नाही. पाण्यात त्याचे पाय सुटतात तेव्हा त्याचे डोके वर धरतो तो त्याचा सोबती, त्याच्यासारखाच एक वाटसरू. दूत पैलतीरावर उभे आहेत. हा ग्रंथ धर्मोपदेशासाठी लिहिलेला आहे आणि मधली पुष्कळ पाने मला कंटाळवाणी वाटतात, हेही सांगून टाकते. पण हे नदीचे पान ज्याने लिहिले त्याला देवदूत कुठे थांबवावा ते नेमके कळत होते.

आता खरी कादंबरी घेऊ. एच. जी. वेल्स हे नाव तुम्ही कालयंत्राच्या कथेमुळे ऐकले असेल. त्याच वर्षी, 1895 मध्ये, त्यांनी देवदूतावर एक लहानशी कादंबरी लिहिली, तिच्या नावाचा अर्थ ‘अद्भुत भेट’ असा होतो. एका इंग्रजी खेड्यातल्या पाद्रीसाहेबांना पक्षी मारून पेंढा भरून ठेवण्याचा नाद. गावाजवळ अपूर्व पक्षी दिसल्याची वार्ता येते, साहेब बंदूक घेऊन निघतात, बार काढतात आणि खाली पडतो तो देवदूत. पंख मोडलेला. पाद्रीसाहेब ओशाळतात आणि त्याला घरी आणतात. पंखांवरून कोट चढवल्यावर तो कुबडा दिसतो. डॉक्टर म्हणतात, ही शारीरिक विकृती आहे, कापून टाकू. गावातल्या प्रतिष्ठित बाई त्याचे व्हायोलिन ऐकायला चार लोक जमवतात, आणि त्याचे बोलणे ऐकून हादरतात. कारण त्याला सगळ्यात आदरणीय वाटते ती पाद्रीसाहेबांच्या घरची मोलकरीण, डीलिया.

हा देवदूत काहीही करू शकत नाही, बरे का! ना कोणाचा रोग बरा करतो, ना कोणाला पैसा देतो. तो फक्त विचारतो. भूक म्हणजे काय, दुःख म्हणजे काय, एकाने बसायचे आणि एकीने राबायचे असे का. आपण ज्याकडे रोज पाहून न पाहिल्यासारखे करतो ते त्याला दिसते, एवढेच त्याचे सामर्थ्य. शेवटी घराला आग लागते. व्हायोलिन आत राहिलेले. ते आणायला ज्वाळांत शिरते ती डीलिया, आणि तिच्यामागे देवदूत. मग एक झोत उठतो, आणि पंख असलेल्या दोन आकृती वर जाताना एका लहान पोरीला दिसतात.

पहिल्यांदा वाचताना मला भरून आले होते. दुसऱ्यांदा वाचताना राग आला. धाडस डीलियाचे होते, म्हणजे माझ्या कसोटीला पुस्तक उतरले. पण लेखकाने तिला आकाशात का पाठवले? कारण त्या गावात, त्या समाजात, एवढ्या थोर मनाच्या मोलकरणीला ठेवायला त्याला एकही जागा सापडली नाही. जिथे दार बंद दिसले तिथे त्याने पंख लावले.

हे बंद दार आपल्या मराठीत एका लेखकाने स्वतःच बोलून दाखवले आहे, म्हणून मी त्यांना फार मानते. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 साली प्रसिद्ध झाली. मंजुघोषा हे एका अप्सरेचे नाव, तेव्हा आतला मामला तुमच्या लक्षात आलाच असेल : राजपुत्र, राजकन्या, अद्भुतावर अद्भुत. त्या काळी असल्या कादंबऱ्यांचे पीकच आले होते, आणि पुढच्या पंडितांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. पण रिसबूड प्रस्तावनेत काय म्हणतात त्याचा आशय ऐका. आमच्या हिंदूंच्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे आमच्या आयुष्यात मनोरंजक असे गुणही दिसत नाहीत आणि दोषही नाहीत. रोजचेच लिहावे तर रस उत्पन्न होत नाही, म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळणे भाग पडते.

भगिनींनो, हे वाक्य आपल्याविषयी आहे. आठव्या-नवव्या वर्षी मुलीला बोहल्यावर उभे केले की तिने कोणाला निवडायचे, कोणासाठी घर सोडायचे, कसला निश्चय करायचा? कथा उरतच नाही. म्हणून कथेसाठी अप्सरा आणावी लागली. अर्थात रिसबुडांचे म्हणणे अर्धेच खरे. त्यांच्या आधी अकरा वर्षे, 1857 साली, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखात केवढी कथा दडली आहे ते दाखवले होते. आणि हरिभाऊ आपट्यांनी 1890 पासून ‘करमणूक’ पत्रात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः छापायला घेतली, तेव्हा त्या यमूसाठी घरोघर डोळे ओले झाले. तिच्यासाठी एकही देवदूत आला नाही, आणि न येणे हीच ती गोष्ट. पण हरिभाऊ थोर म्हणून रिसबूड खोटे, असे मी म्हणणार नाही. एकाने दारावर चित्र रंगवले, दुसऱ्याने दार बंद आहे असे सांगितले. दार एकच.

ते आता उघडले आहे, असे आपण या सभागृहात बसून सहज म्हणू. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के जणींची लग्ने अठराव्या वर्षापूर्वी झालेली आढळली. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. पाथर्डी-शेवगावकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या आपण पाहतो. मागे एकट्या राहणाऱ्या मुलीची काळजी नको म्हणून तिचे लग्न उरकून टाकणारे आईबाप दुष्ट नसतात. पण त्या मुलीची कथा तिथेच थांबते.

म्हणून आपली मुलगी पंखवाल्याची कादंबरी वाचत असली तर पुस्तक हिसकावू नका. ‘त्यातली मुलगी स्वतः काय करते गं?’ एवढे विचारा. कित्येक पुस्तकांत उत्तर मिळेल, काही नाही. तो येतो, तिला उचलतो, ती पाहत राहते. मग तीच म्हणेल की हे पुस्तक काही खरे नाही. आणि काही पुस्तकांत तिला डीलिया भेटेल.

अनातोल फ्रान्स यांच्या 1914 सालच्या कादंबरीचाही उल्लेख करते, कारण ती वाचनालय चालवणाऱ्यांनी अवश्य वाचावी. तीत एका तरुणाचा रक्षक देवदूत घरच्या प्रचंड ग्रंथालयात रात्री बसून पुस्तके वाचतो, वाचता वाचता त्याची श्रद्धाच उडते, आणि तो स्वर्गाविरुद्ध बंड करायला निघतो. सकाळी ग्रंथपालाला पुस्तके अस्ताव्यस्त पडलेली दिसतात आणि बिचाऱ्याला वेड लागायची पाळी येते. आपल्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भगिनींना त्याची दया येईल. शेवटी बंडखोरांचा नायकच लढाई नाकारतो, कारण जिंकलो तर मीही त्या सिंहासनावर बसून तसाच होईन, हे त्याला स्वप्नात दिसलेले असते. थट्टा फार कडू आहे, सर्वांना रुचणार नाही. कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत असेल तर तसे अभिप्रायात मोकळेपणी लिहावे. तोही अभिप्रायच.

आता वहीबद्दल. कथानक सबंध उतरवू नये, पुढच्या वाचणारीची मजा जाते. देवदूत कोणत्या पानावर येतो ते लिहावे. तो येण्यापूर्वी त्या माणसांनी काय केले होते, आणि तो गेल्यावर त्यांच्याकडे काय उरले, ते दोन ओळींत सांगावे. लेखकाला दार कुठे बंद वाटले, हे ओळखता आले तर तेही. भाषांतर असेल तर मराठी कसे आहे ते जरूर लिहावे. देवदूत शाळेच्या क्रमिक पुस्तकासारखे बोलू लागले की उत्तम कथाही मरते. आणि आवडले नसेल तर ‘नाही आवडले’ असे सही करून लिहावे. निनावी शेरे आता पुरे झाले.

पुढच्या महिन्यासाठी चिटणीसबाईंनी ‘भक्तविजया’तला दामाजीपंतांचा भाग नेमला आहे. ज्यांच्या घरी मुली मोठ्या आहेत त्यांनी येताना त्यांनाही बरोबर आणावे. वहीत त्यांच्यासाठी मागची वीस पाने कोरी सोडायला मी सांगितले आहे.