आधी ऐका, मग बोला

(कुंभकोणमजवळील चोळपुरम् येथे भरलेल्या शाखा-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका रेल्वे युनियनच्या चिटणीसांनी मराठीत केलेले भाषण. भाषणाचे वाक्यागणिक तमिळ भाषांतर करण्यात आले.)



वणक्कम्! या एका शब्दापलीकडे मला तमिळ येत नाही. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे इंग्रजीतही माझी गाडी लूप लाइनलाच उभी राहते. म्हणून मी मराठीत बोलणार आणि शेजारी बसलेले अण्णा ते तुम्हाला तमिळमध्ये सांगणार. अण्णा निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांचे पूर्वज तंजावरच्या भोसले राजांच्या काळात इकडे आले, आणि घरात अजून जुन्या वळणाची मराठी बोलली जाते.

काल रात्री अण्णांनी मला एक अट घातली. म्हणाले, "लहान वाक्ये बोला, आणि माझे सांगून होईपर्यंत थांबा." बंधूंनो, तीस वर्षे मी भाषणे करतो आहे, थांबायला मला कोणी सांगितले नव्हते. माणसे कशी सांभाळावीत आणि आत्मविश्वास कसा वाढवावा, हा आजचा विषय. त्याचे अर्धे उत्तर अण्णांनी कालच देऊन टाकले.

आधी माझी चूक सांगतो. मी नवा शाखा-चिटणीस होतो. एका गँगमनला विनापरवानगी गैरहजेरीबद्दल आरोपपत्र मिळाले. आज त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात. मी त्याचा बचाव सहायक झालो. दोन रात्री जागून नियमांचा कीस काढला, चार पानी उत्तर लिहिले आणि त्याला बजावले, "तू गप्प बसायचं, मी बोलतो." तो गप्प बसला. मी जोरात बोललो. त्याची वेतनवाढ रोखली गेली.

बाहेर चहा पिताना मी सहज विचारले, "अरे, पण तू गेला होतास कुठे?" त्याने खिशातून घडी केलेले कागद काढले. बायको तालुक्याच्या दवाखान्यात बारा दिवस पडून होती, त्याचे कागद. मी विचारले, "हे आधी का नाही दाखवलेस?" तो म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही, भाऊ. गप्प बस म्हणालात."

पुढे अपील केले आणि त्या कागदांवर शिक्षा कमी झाली. पण ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेले नाही. साहेबाने त्याला विचारले नव्हते, आणि युनियननेही विचारले नाही. मग त्याच्या लेखी आपल्यात आणि साहेबात फरक काय राहिला?

दुसरी गोष्ट आत्मविश्वासाची. अधिकाऱ्यांबरोबरच्या वाटाघाटीच्या बैठकीला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे पाय लटपटत होते. समोर शिकलेली माणसे, आणि मी मॅट्रिक. बुटांचा प्रश्न मांडला. साहेब म्हणाले, "बूट वाटले आहेत." मी खाली बसलो.

हे ऐकून आमचा एक म्हातारा कीमन मला म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर बीटवर चला." मे महिना होता. हातोडा त्याच्या खांद्यावर, मी मागे. तो एकेक चावी ठोकून बघत होता, फिशप्लेट तपासत होता आणि मधूनच आपली कहाणी सांगत होता. दुपारपर्यंत माझ्या पायाला फोड आले. त्याने आपला बूट काढून दाखवला. खडीवर चालून तळ सुटला होता, तो त्याने तारेने बांधला होता.

पुढच्या बैठकीत साहेब पुन्हा तेच म्हणाले. मी म्हणालो, "वाटले आहेत साहेब. पण खडीवर त्यांचा तळ टिकत नाही. मी चालून आलोय." त्या दिवशी माझा आवाज कापला नाही. बंधूंनो, आत्मविश्वास मला पुस्तकात सापडला नाही, त्या कीमनच्या मागे चालताना सापडला. ज्याने सभासदाचे दुःख जवळून पाहिले आहे, त्याला साहेबाच्या टेबलाची भीती वाटत नाही.

ही काही माझी नवी विद्या नव्हे. आमच्या महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे होऊन गेले. १८४८ साली ठाण्यात जन्म, गरिबीमुळे शिक्षण अपुरे. सुरुवातीची नोकरी रेल्वेत आणि टपालात, म्हणजे ते तुमचे-आमचेच! पुढे मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले आणि तिथे गिरणी कामगारांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांहून अधिक कामगारांचे निवेदन तयार केले. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात जखमी झाल्यास मदत. एकेक मागणी थकलेल्या माणसाच्या अंगावरून उचललेली.

२४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. काळ कोणता, ते ध्यानात घ्या! त्यांच्या वतीने लोखंडे स्वतः बोलू शकले असते, पण त्या बाया स्वतः उभ्या राहिल्या. पुढे १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९७ साली मुंबईत प्लेग असताना लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारीला त्याच रोगाने गेले. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. अण्णांसारख्या पोस्टमननी ते घरोघर पोचवले असेल.

तुमच्या भागाचा इतिहास मी तुम्हाला काय सांगणार? नागपट्टणमचा रेल्वे कारखाना पोन्मलैला नेण्याच्या काळात कामगारकपात आली आणि १९२८ साली साउथ इंडियन रेल्वेचा मोठा संप झाला. संप दडपला गेला, सिंगारवेलु चेट्टियार यांच्यासारखे नेते तुरुंगात गेले. त्यावरून मी एकच प्रश्न विचारतो. उद्या तुमच्या शाखेचा चिटणीस उचलला गेला, बदलीवर गेला किंवा निवृत्त झाला, तर उभे राहून बोलणारे किती उरतील? एकही नसेल, तर ती शाखा नव्हे, ते एका माणसाचे दुकान आहे.

म्हणून हात जोडून चार गोष्टी सांगतो. वर्गणीपुरते सभासदाकडे जाऊ नका. महिन्यातून एक दिवस त्याच्या कामाच्या जागी काढा, मग ती गँग असो, केबिन असो की खेड्यातले डाकघर. तक्रार आली की कलम शोधण्याआधी विचारा, "घरी कसं आहे?" अर्ज त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, सही करण्यापूर्वी त्याला वाचून दाखवा. आणि दर सभेत एका नव्या सभासदाला पाच मिनिटे द्या. तो अडखळेल. अडखळू द्या, हसू नका, त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. पाच मिनिटे पुरी करून तो खाली बसेल, तेव्हा त्याची मान किती ताठ झाली आहे ते बघा.

तो गँगमन पुढे आमच्या शाखेचा खजिनदार झाला. वार्षिक सभेत हिशेब वाचताना त्याने मला हसत सांगितले, "भाऊ, आज तुम्ही गप्प बसायचं."

मी गप्प बसलो. आता इथेही बसतो. तुमच्यापैकी कोणी उठावे आणि बोलावे. अण्णा मला मराठीत सांगतील, मी ऐकतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!